ज्याचं त्यानं उचलावं

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की त्याच्या पाठोपाठ दोन जमाती न बोलावता येतात. एक पिसवा आणि दुसरे सल्लागार. पिसवांवर बाजारात औषध मिळतं. सल्लागारांवर अजून निघालेलं नाही. त्यातून ते पिल्लू स्वतःचीच शी खाणारं निघालं, तर मग विचारूच नका! लग्नकार्याला बोलावूनसुद्धा ज्यांनी कधी आपली पायरी चढलेली नसते, अशी माणसं अंगणात येतात, नाकाला पंचा लावतात आणि "नाक घासा हो त्याचं त्यातच, जन्माची अद्दल घडेल" असं सांगून, आपल्याकडचा चहा पिऊन जातात.

माझं भांडण या 'नाक घासा' पक्षाशी आहे. तसा भांडण हा माझा पिंड नव्हे. बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माणसाला भांडण ऐकायची सवय असते, करायची नसते. पण इथे प्रश्न माझा नाही, एका तीन वितीच्या मुक्या जिवाचा आहे, आणि समोरचा पक्ष बहुमतात आहे. म्हणून म्हटलं, एकदा चार लोकांसमोर होऊनच जाऊ द्या.

आधी शब्दाचं बघू. या पदार्थाला मराठीत नावं पुष्कळ. डॉक्टर लोक त्याला विष्ठा म्हणतात, शिष्ट लोक घाण म्हणतात आणि आमचे गावकरी जे म्हणतात ते छापणारे संपादक अजून जन्माला यायचे आहेत. मी आपला 'शी' म्हणणार. हा शब्द प्रत्येक घरात आहे, प्रत्येकानं लहानपणी तो मोठ्यानं आणि अभिमानानं उच्चारलेला आहे.

तर आमचा मोत्या. बदलीमुळे आम्ही हरिहरेश्वरला एका सुपारीच्या वाडीत भाड्यानं राहतो. २०२०च्या जूनमधल्या निसर्ग वादळानं निम्मी आडवी केलेली ही वाडी आता पुन्हा कुठे डोकं वर काढते आहे. तिथंच पालापाचोळ्याच्या ढिगात हे पिल्लू सापडलं. अस्सल गावठी, रंगानं तांबूस, वय अंदाजे दोन महिने. मोत्या हे नाव आमच्या सौभाग्यवतींनी ठेवलं. मोत्यांचा चारा चरणारा तो हंस वेगळा आणि आमचा मोत्या वेगळा, हे कळायला दुसरी सकाळ उजाडावी लागली. मोत्यानं अंगणाच्या कोपऱ्यात बसून आपला विधी उरकला, तीन पावलं पुढे गेला, काहीतरी विसरल्यासारखा थांबला, मागे वळला आणि ते सगळं परत घेऊन टाकलं.

मी कॉमर्सचा पदवीधर. एकाच रोजकीर्दीत नावेही तिथंच आणि जमाही तिथंच पडते, अशा नोंदीला आमच्याकडे 'कॉन्ट्रा एंट्री' म्हणतात. रोकड बँकेत भरली किंवा बँकेतून काढली, तर धंद्याच्या मालमत्तेत काडीचा फरक पडत नाही. मोत्याचा व्यवहार असा चोख कॉन्ट्रा होता. मागे शिल्लक शून्य. बावीस वर्षांच्या नोकरीत इतका जुळलेला ताळेबंद मी पाहिला नव्हता.

पण सौ. किंचाळल्या, आणि त्या किंचाळीनं सल्लागारांना आमंत्रण गेलं.

वाडीचे मालक काका आले. ते 'नाक घासा' पक्षाचे अध्यक्ष. शेजारच्या काकू आल्या. त्या तिखटवाल्या. "त्यावर लाल तिखट भुरभुरवा हो, एकदा जीभ पोळली की पुन्हा बघणार नाही तिकडे." माझ्या शाखेतला एक उत्साही सहकारी मोबाइलवर पावडर शोधून बसला. ती म्हणे जेवणात मिसळली की शीची चव बिघडते. (म्हणजे मूळची चव चांगली असते, असं कंपनीनं गृहीत धरलेलं दिसतं.) आणि सर्वांत व्यवहारी सल्ला एका रिक्षावाल्याचा. "साहेब, बागमांडल्याला न्या न् फेरीबोटीत बसवा. पलीकडे वेश्वीला उतरला की तो रत्नागिरी जिल्ह्याचा प्रश्न!" नको असलेलं खातं दुसऱ्या शाखेच्या गळ्यात घालण्याची ही पद्धत मला नवीन नाही. पण माणसाला बदलीची ऑर्डर निदान लेखी मिळते हो!

आता कोणत्याही कज्ज्यात दुसरी बाजू ऐकायची असते. मोत्याला बोलता येत नाही, म्हणून त्याचं वकीलपत्र मी घेतो.

पहिला मुद्दा, हे तो शिकला कुठं? आईकडून. कुत्रीची पिल्लं जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे स्वतःहून शीसुद्धा करू शकत नाहीत. आई त्यांना मागून चाटते, तेव्हा ती होते, आणि जे होतं ते आईच खाऊन टाकते. निजायची जागा स्वच्छ राहते, वासावर शत्रू येत नाही. तिला ना कपडा, ना बादली, ना बाई. ती जीभ हाच तिचा झाडू. पिल्लू हे पाहत मोठं होतं. शिवाय त्या वयात जगातली प्रत्येक वस्तू तोंडानंच तपासायची असते. आपली पोरं नाही का, फरशीवरचा चुना, वर्तमानपत्र आणि वडिलांचं पासबुक, सगळं चाखून पाहत? म्हणजे ज्याला आपण घाणेरडेपणा म्हणतो, तो मोत्याच्या घराण्यातला टापटीपपणा आहे.

दुसरा मुद्दा किळसेचा. किळस वस्तूत नसते, वस्तू कोणाची आहे त्यावर असते. आपण मुंजीत आणि वास्तुशांतीला पंचगव्य घेतो. त्यातल्या पाचांपैकी दोन वस्तू कुठून येतात ते सांगायची गरज नाही. मीही घेतलेलं आहे आणि तक्रार नाही. इंडोनेशियात उदमांजराला कॉफीची फळं खायला मिळतात, त्याच्या शीतून बिया वेचतात, धुतात, भाजतात आणि त्याची कॉफी जगात महागातली म्हणून विकतात. साहेब लोक ती घुटक्याघुटक्यानं पितात. उदमांजरं आमच्या कोकणातही आहेत. फणस-केळी खाऊन रात्री छपरावर नाचतात. पण त्यांच्या मागे अजून कोणी कप घेऊन धावलेलं नाही. सांगायचं एवढंच, की एकाचा मान आणि दुसऱ्याला चपराक, हा न्याय मोत्याला समजावून सांगणं कठीण आहे.

तिसरा मुद्दा शास्त्राचा. कॅलिफोर्नियात डेव्हिसला विद्यापीठ आहे. तिथल्या बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्री पाळणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांना प्रश्न विचारून २०१८ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. (आपण ज्या विषयावर चारचौघांत तोंड उघडत नाही, त्यावर तिकडे प्रोफेसर लोक निबंध लिहितात.) त्यांना काय आढळलं? शंभरातली सोळा कुत्री ही गोष्ट वारंवार करतात. म्हणजे सहांत एक! तुमच्या आळीत सहा कुत्री असतील तर एक मोत्या आहेच. ही कुत्री अधाशी असतात, पण त्यांचं रोजचं अन्न इतरांपेक्षा वेगळं नसतं. ती शिकवायलाही जड नसतात. आणि बहुतेकांना लागते ती ताजी, दोन दिवसांच्या आतली. यावर हार्ट यांचा तर्क असा, की ही लांडग्यांपासून आलेली जुनी खोड आहे. शीतून पडणारी जंतांची अंडी ताजेपणी रोग पसरवण्याइतकी पिकलेली नसतात, पुढे पिकतात. त्याआधीच ती शी गुहेजवळून नाहीशी केली की कळप निरोगी राहतो. थोडक्यात, लांडग्यांची ती ग्रामपंचायत होती आणि रोजच्या रोज सफाई करत होती. मोत्या हा त्या खात्यातला वंशपरंपरागत कर्मचारी.

आता उलटतपासणी. 'नाक घासा' पक्षाला माझा प्रश्न आहे, की नाक घासल्यावर पिल्लू नेमकं काय शिकतं? तुम्हाला वाटतं, ते शिकतं की शी खाऊ नये. छे! पिल्लाच्या डोक्यात कर्म आणि फळ यांच्यामध्ये एक-दोन क्षणांपेक्षा जास्त अंतर मावत नाही. पाच मिनिटांपूर्वी कोपऱ्यात काय केलं याचा आणि आत्ताच्या मानगुटीवरच्या हाताचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की शी आणि माणूस एका ठिकाणी आले की मार बसतो. मग ते हुशार पिल्लू काय करतं? एक तर माणूस नसेल तिथं, सोडणांच्या ढिगामागे जाऊन बसतं, आणि दुसरं म्हणजे माणूस यायच्या आत पुरावा नष्ट करतं. कसा? गिळून! म्हणजे ज्या रोगावर तुम्ही औषध दिलंत, तोच रोग दुप्पट झाला. बँकेतही असंच होतं. कॅश शॉर्ट आली की जो साहेब आरडाओरडा करतो, त्याच्या शाखेत कॅश शॉर्ट यायची थांबत नाही, फक्त साहेबाला कळायची थांबते.

आणि ज्याचं तोंड सगळ्या जगाशी ओळख करून घ्यायचं साधन आहे, त्याचं तोंड आपण घाणीत कोंबायचं आणि वर त्यालाच घाणेरडा म्हणायचं, याला माझ्या मराठीत संस्कार म्हणत नाहीत.

किंचाळत मागे धावणाऱ्यांचंही तेच. तुम्ही धावलात की पिल्लाला वाटतं, वा, या वस्तूला भलताच भाव दिसतो! बघा, मालकीणबाईसुद्धा पळतायत तिच्यासाठी. मग ते आणखी घाईनं खातं. बाजारात एकाच वांग्याला दोन गिऱ्हाईकं लागली की काय होतं, ते काकूंना ठाऊक आहे.

राहिलं तिखट आणि पावडर. त्याच निबंधात उपायांचाही हिशेब आहे. या कामासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींना यश किती, तर शेकडा शून्य ते दोन. मिऱ्या-तिखटाच्या वाट्याला शेकडा एक. 'सोड' म्हटल्यावर सोडलं तर खाऊ द्यायचा, हा उपाय सज्जनपणाचा, पण तोही शेकडा पाचाच्या आतच राहिला. दोन टक्के यशावर माणसं पावडर विकत घेतात आणि बँकेचं व्याज कमी म्हणून माझ्याशी हुज्जत घालतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

"मग करायचं काय?" हा प्रश्न घेऊन मी मोत्याला पिशवीत घालून श्रीवर्धनला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. मालक काकाही बरोबर आले. त्यांना स्वतःचा पक्ष जिंकताना पाहायचा होता. डॉक्टरांनी मोत्याला उलटा केला, सुलटा केला, पोट दाबून पाहिलं आणि जंताचं औषध दिलं. जंत असतील, पोटात अन्न पचत नसेल किंवा पिल्लू उपाशी राहत असेल तर ते असं करतं, म्हणून आधी ते तपासून घ्यायचं. सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याच्या महिन्याला जंताचा डोस. नुसत्या दूधभातावर ठेवायचं नाही. अंडं, काटे काढलेली उकडलेली मासळी द्यायची, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं आणि ठरल्या वेळी. दिवसभर एका जागी बांधून ठेवायचं नाही. रिकामं डोकं सैतानाचं घर, तसं रिकामं पिल्लू शीचं गिऱ्हाईक.

हे झाल्यावर त्यांनी विचारलं, "केलेली उचलता कधी?"

काका म्हणाले, "सकाळी झाडायला बाई येते ना."

"म्हणजे रात्रभर त्याच्या पानात वाढून ठेवता," डॉक्टर म्हणाले, "आणि सकाळी म्हणता, का जेवलास!"

परत येताना एस.टी.त काका एक शब्द बोलले नाहीत.

तर उपाय हा आहे. पिल्लू झोपेतून उठलं की, जेवलं की आणि खेळून झालं की, दोरी लावून ठरलेल्या जागी न्यायचं. हळू आवाजात बोलत उभं राहायचं. त्याचं झालं, की त्याच क्षणी नावानं हाक मारून आपल्याकडे बोलवायचं आणि हातातला मासळीचा तुकडा द्यायचा. तो तुकडा खातोय तोवर वाकून शी उचलायची. आम्ही पोफळीची विरी वापरतो. वाडीत त्यांना तोटा नाही. विहिरीपासून लांब एक खड्डा केलाय, त्यात टाकायची आणि वर माती लोटायची. भाजीच्या आळ्यात मात्र घालायची नाही. गुरांचं शेण आणि कुत्र्याची शी यांत फरक आहे. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि तिथं खेळणाऱ्या पोरांच्या पोटात जाऊ शकतात. स्वतःची ताजी शी खाल्ल्यानं पिल्लाचं सहसा फारसं बिघडत नाही; दुसऱ्या आजारी कुत्र्याची खाल्ली तर बिघडतं. म्हणून आपली तर उचलायचीच, पण वाटेवरचीही.

संपलं. यात मंत्र नाही, तंत्र नाही, पावडर नाही. जे समोर नाही ते कुत्रं खाणार कसं? बहुतेक पिल्लांचं हे वेड वर्षाच्या आत आपोआप उतरतं. तोवर एका माणसानं दिवसातून चार-पाचदा वाकायचं, एवढाच प्रश्न.

पण घोडं नेमकं इथंच पेंड खातं. हा उपाय ऐकल्यावर सगळ्या सल्लागारांचे चेहरे पडतात. कारण बाकीच्या सर्व उपायांत बदलायचं असतं ते कुत्र्यानं; यात वाकायचं असतं ते आपण. तिखट भुरभुरायला हरकत नाही, ते उभ्यानं होतं. नाक घासायलाही हरकत नाही, नाक दुसऱ्याचं असतं. पण उचलायचं? आपण? 'बाई येते ना' या चार अक्षरं आणि एका 'ना'मध्ये आपल्या समाजाचा केवढा इतिहास भरला आहे! आपली घाण आपण उचलायची नसते, ती उचलायला कोणीतरी जन्माला आलेलं असतं, ही समजूत आपल्या अंगात लांडग्यांच्या खोडीपेक्षा कमी मुरलेली नाही. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा केला. तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा केला. कुत्र्याची सवय मोडायला वर्ष पुरतं. आपल्याला दोन-दोन कायदे लागतात.

कोकणातल्या माणसानं तरी हे ऐकून नाक मुरडू नये. आमच्याच कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मला भंगीकाम करू द्या, अशी त्यांनी मागणी केली. सवर्ण कैद्याला ते काम द्यायला सरकार तयार नव्हतं, म्हणून त्यांनी अन्न सोडत आणलं. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास केला, तेव्हा कुठं सरकार हललं. तुरुंगात चांगलं जेवण मिळावं म्हणून भांडणारे पुष्कळ झाले. दुसऱ्याची घाण उचलायला मिळावी म्हणून उपाशी राहणारा हा एकच गृहस्थ मला ठाऊक आहे. आणि आपण? आपल्या हौसेनं आणलेल्या पिल्लाची सुपारीएवढी शी उचलायची वेळ आली, की आपल्या कमरेत उसण भरते.

हरिहरेश्वराला तर हे मुळीच शोभत नाही. इथला रिवाज असा, की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं आणि मग पुन्हा काळभैरवाचं. या काळभैरवाचं वाहन कोण? कुत्रा! पेशव्यांनी ज्याच्यापुढे डोकं टेकलं, त्या देवाच्या गाडीला आपण देवळाबाहेर पडताच धोंडा मारतो. नामदेवांची गोष्ट आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो, कुत्र्यानं पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन ते त्याच्या मागे धावले. आमच्याकडे कुत्र्याच्या मागे धावणारे पुष्कळ, हातात वाटी मात्र कोणाच्याच नसते.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडच्या गाड्या येतात. त्यातून माणसांच्या आधी मोठमोठी केसाळ कुत्री उतरतात. त्यांना वेगळी बाटली, वेगळा टॉवेल, वेगळी बिस्किटं. ती किनाऱ्यावर बसतात, आणि धनी समुद्राकडे पाहत सूर्यास्ताचा फोटो काढतो. मग सगळे पुढे चालू लागतात. मागे वाळूत जे उरतं, तिथंच दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी पोर किल्ला बांधायला बसतं. या कुत्र्यांपैकी एखाद्यानं मागे वळून मोत्यासारखी कॉन्ट्रा एंट्री केली, की धनी "शी! डर्टी!" म्हणून ओरडतो. वाळूत टाकून जाणारा स्वच्छ आणि परत घेणारा डर्टी! आता यातलं डर्टी कोण, हे मी प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या त्या जाळीदार खडकांना विचारलं तर तेसुद्धा सांगतील. त्यांनी भरती-ओहोटीच्या पाण्यानं रोज दोनदा अंग धुऊन घेतलेलं असतं.

मोत्या आता आठ महिन्यांचा आहे. विधी उरकला की तो मागे वळत नाही. माझ्या हाताकडे पाहतो. चार महिने खाडा नाही. काकांनी अजून पक्ष सोडलेला नाही, पण परवा मी बँकेत असताना मोत्यानं फाटकाशी केलेली कोणीतरी उचलून खड्ड्यात टाकली होती. सौ. म्हणतात, काका इकडेतिकडे बघत वाकले होते. मी चौकशी केलेली नाही.

पण सल्लागार अजून येतात. येऊ देत. मी विरी दारामागेच ठेवली आहे. सल्ला द्यायचा असेल त्यानं ती आधी हातात घ्यावी, अंगणात एकदा वाकून यावं, आणि मग बोलावं. चहा तयार असेल.